माळावरच्या लांडग्या-कोल्ह्यांचे जंत आणि खरूज : कामाच्या नोंदी

बारामती-इंदापूर पट्ट्यातल्या माळरानावर लांडगे, कोल्हे आणि खोकडं आहेत. त्यांच्या विष्ठेत कोणते परजीवी सापडतात आणि त्यातले कोणते त्यांना खरोखर आजारी पाडतात, हे बघायचं काम आमच्या कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागाने हाती घेतलं आहे. पोल्ट्रीच्या उकिरड्यावर येणारे दोन कोल्हे अंगावर केस नसलेले दिसतात, असं वनरक्षकांनी सांगितलं आणि तिथून हे सुरू झालं. असंच काम दुसऱ्या कुणाला करायचं असेल तर वेळ आणि पैसा कुठे जातो ते आधी कळावं, म्हणून या नोंदी.

4 नोव्हेंबर 2023

परवानगी हातात आली. पहिला सल्ला हाच, की अर्ज पावसाळ्याआधी टाका. अभयारण्याच्या हद्दीत काम असेल तर मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. हद्दीबाहेरच्या माळावरही वनविभागाला कळवल्याशिवाय विष्ठेच्या पिशव्या घेऊन फिरू नये. लेंडकं गोळा करणारी पोरं बघून गावकरी आधी वनरक्षकाला फोन लावतात, आणि ते बरोबरच आहे. अर्जात नमुने कुठे ठेवणार, किती दिवस ठेवणार आणि शेवटी त्यांचं काय करणार, हे आधीच लिहा. आमचा अर्ज याच मुद्द्यांवर एकदा परत आला होता.

9 नोव्हेंबर

आज माळावर कुणी गेलं नाही. दिवसभर सुरक्षिततेवरच बोलणं झालं. कुत्रा, लांडगा, कोल्हा यांच्या आतड्यात इकायनोकॉकस नावाचा फीतकृमी राहतो. तो जेमतेम 2 ते 7 मिलिमीटर लांब असतो, पण त्याची अंडी माणसाच्या पोटात गेली तर यकृतात किंवा फुप्फुसात पाण्याच्या गाठी होतात. गाठ वाढायला वर्षं लागतात आणि बऱ्याचदा ऑपरेशनशिवाय सुटका नसते.

मुलांना वाटत होतं की नमुना फॉर्मॅलिनमध्ये किंवा अल्कोहोलमध्ये टाकला की काम झालं. तसं होत नाही. ही अंडी दोन्हीत जिवंत राहू शकतात. घरच्या फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यातही ती मरत नाहीत. त्यांना उणे 80 अंशांचा फ्रीझर काही दिवस लागतो, नाहीतर उकळतं पाणी. असा फ्रीझर आमच्याकडे नाही. पुण्यातल्या एका ओळखीच्या प्रयोगशाळेने एक कप्पा दिला आहे, पण तिथवर बर्फाच्या डब्यातून न्यायचं म्हणजे दर वेळी एक दिवस आणि गाडीभाडं.

त्यात आणखी एक अडचण. गोठवलं की फीतकृमीची आणि गोलकृमीची जाड कवचाची अंडी ओळखू येतात, पण अंकुशकृमीची पातळ अंडी बिघडतात. म्हणून प्रत्येक नमुन्याचे दोन भाग करायचं ठरलं. मोठा भाग फ्रीझरला. छोटा भाग फॉर्मॅलिनमध्ये, आणि तो जिवंत अंडी असल्यासारखाच हाताळायचा : हातमोजे, मास्क, टेबलावर जुनी वर्तमानपत्रं, काम झाल्यावर सगळं जाळायचं आणि अवजारं उकळायची. वाळलेलं लेंडूक माळावर काडीने फोडून बघायची सवय मुलांना असते. ती आजपासून बंद.

19 नोव्हेंबर

पहिली फेरी. चिंचेखालच्या वाटेवर, तिठ्यावर, जुन्या खाणीच्या कडेला भरपूर मिळालं. विष्ठा नक्की कुणाची, हा मात्र यातला सगळ्यात अवघड भाग. लांडग्याच्या विष्ठेत केस आणि हाडांचे तुकडे असतात, कोल्ह्याच्या विष्ठेत बोरांच्या बिया असतात, कुत्र्याच्या विष्ठेत भाकरीचा अंश असतो, असं पुस्तकात वाचलेलं असतं. इथे पोल्ट्रीवाले मेलेल्या कोंबड्या ओढ्यात टाकतात आणि लांडगा, कोल्हा, कुत्रा तिघेही त्याच खातात. तिघांच्याही विष्ठेत पिसंच पिसं. जाडी मोजली तर मोठ्या कोल्ह्याची आणि लहान कुत्र्याची सारखीच भरते.

बरोबर आलेल्या वनमजुरांनी आमच्या पिशव्या बघितल्या. "सर, ह्यातली निम्मी कुत्र्याची हायती." त्यांचं बोलणं खोटं ठरवायला आमच्याकडे काहीच नव्हतं.

तोडगा असा निघाला. ओला पंजाचा ठसा जवळ असेल किंवा कॅमेऱ्यात जनावर दिसलं असेल, तरच नाव लिहायचं. बाकी सगळं 'श्वानकुळातलं, अनिश्चित' या रकान्यात. शिवाय प्रत्येक नमुन्याच्या बाहेरच्या चकाकत्या थरावरून कापसाचा बोळा फिरवून तो अल्कोहोलमध्ये ठेवायचा. त्यातून डीएनए तपासता येतो. तपासणीचा खर्च एका नमुन्यामागे आमच्या बाकी सगळ्या साहित्यापेक्षा जास्त आहे, त्यामुळे आत्ता फक्त साठवतोय. उन्हात वाळून पांढरं पडलेलं लेंडूक उचलायचंच नाही. त्यात अंडी ओळखू येत नाहीत आणि डीएनएही धड मिळत नाही.

2 डिसेंबर

तरंगवण्याची पद्धत. तत्त्व सोपं : विष्ठा जड द्रावणात कालवली की हलकी अंडी वर येतात आणि वर ठेवलेल्या काचेला चिकटतात. आधी मिठाचं संपृक्त द्रावण केलं, घनता 1.20. स्वस्त आहे, पण डिसेंबरच्या कोरड्या हवेत काचेवर दहा-पंधरा मिनिटांत स्फटिक धरतात आणि अंडी त्याखाली दिसेनाशी होतात. एकटा माणूस एक काच बघणार असेल तर मीठ चालेल. पाच मुलं एका सूक्ष्मदर्शकापुढे रांग लावणार असतील तर नाही.

मग साखर. 454 ग्रॅम साखर, 355 मिलिलिटर पाणी, मंद आचेवर विरघळवायची, उकळी फुटू द्यायची नाही. घनतामापक नसेल तर 100 मिलिलिटर द्रावण मोजनळीत घेऊन वजन करा. 127 ग्रॅमच्या आसपास आलं की झालं. बुरशी धरू नये म्हणून फॉर्मॅलिनचे थेंब घालावे लागतात. ते न घातलेली पहिली बाटली आठवड्याभरात फेकावी लागली.

गाळणीत वेळ गेला. चहाच्या गाळणीत केस अडकतात आणि केसांबरोबर अंडीही. आता आधी मोठ्या भोकांच्या गाळणीतून हाडं आणि केस बाजूला काढतो, ते पाण्याने धुतो आणि धुवण मूळ नमुन्यातच घालतो. या धुवण्यात बरंच काही निघतं, ते फेकू नका. नंतर दुहेरी मलमलीतून. सेंट्रिफ्यूज एका बंद पडलेल्या पॅथॉलॉजी लॅबचं जुनं घेतलं. त्याचा एक कप्पा डगमगतो म्हणून समोरासमोरच्या नळ्या काट्यावर तोलून घ्याव्या लागतात.

आणि मुंग्या. साखरेच्या काचा रात्री टेबलावर राहिल्या तर सकाळी त्यावर मुंग्यांची रांग, आणि कडेच्या अंड्यांना त्यांनी काय केलं ते देवच जाणे. टेबलाचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले. विभागप्रमुख येऊन बघून गेले, काही बोलले नाहीत.

16 डिसेंबर

आता काहीतरी दिसायला लागलंय. टॉक्सोकारा गोलकृमीचं अंडं एकदा बघितलं की विसरत नाही : गडद तपकिरी, गोलसर, कवचावर सगळीकडे बारीक खळगे. टॉक्सास्कॅरिसचं तेवढंच मोठं, पण बाहेरून गुळगुळीत. फीतकृमीचं अंडं लहान, तीसेक मायक्रॉनचं (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), कडेने आऱ्यांसारख्या रेघा, आणि फोकस हळूहळू फिरवला की आत सहा बारीक आकड्या दिसतात. ते पहिल्यांदा दिसलं तेव्हा मुलांनी एकमेकांना ढकलून रांग मोडली.

पण खूण पटली म्हणून जनावराला तो जंत आहेच, असं नाही. एका नमुन्यात पातळ कवचाची लंबगोल अंडी ढिगाने निघाली आणि सगळ्यांनी 'अंकुशकृमी' लिहून टाकलं. नेत्रकातल्या, म्हणजे डोळा लावायच्या भिंगातल्या, मोजपट्टीने मोजल्यावर बरीच 80 मायक्रॉनच्या पुढे गेली. अंकुशकृमीची साधारण 55 ते 75 असतात. ती शेळीच्या पोटातल्या जंतांची अंडी होती. लांडग्याने शेळीचा कोथळा खाल्ला आणि शेळीचे जंत त्याच्या पोटातून नुसते पुढे सरकले. सशाचे आणि शेळीचे कॉक्सिडिया (आतड्यातले एकपेशीय परजीवी), उंदराच्या केसांतले किडे, परागकण, सगळं असंच पुढे येतं.

त्यावर उपाय म्हणून त्याच माळावर चरणाऱ्या कळपांच्या लेंड्या आणून त्यातली अंडी बघितली, फोटो काढून भिंतीवर लावले. शंका आली की आधी भिंतीकडे बघायचं. मोजपट्टी प्रत्येक भिंगासाठी वेगळी जुळवून घ्यावी लागते. बाजारातल्या स्वस्त कॅमेरा-नेत्रकाबरोबर येणारी तयार मोजपट्टी आमच्याकडे तरी भरवशाची निघाली नाही.

7 जानेवारी 2024

धनगर मामांच्या वाड्यावर. एक मेंढी डोकं एका बाजूला झुकवून सारखी उजवीकडे गोल गोल फिरत होती. मामा म्हणाले, "ही आता टिकत न्हाय. दर सालाला एखादं असं व्हतंय. लांडगा अशालाच उचलतो, पळाया येत न्हाय त्याला."

हे टीनिया मल्टिसेप्सचं काम. हा लांब फीतकृमी लांडग्याच्या, कोल्ह्याच्या, कुत्र्याच्या आतड्यात राहतो. अंडी विष्ठेतून गवतावर, गवतावरून मेंढीच्या पोटात, तिथून मेंदूत. तिथे पाण्याची पिशवी धरते आणि त्या एका पिशवीत शेकडो फीतकृमींची डोकी असतात. मेंढी मेली की डोकं कुत्र्याला, किंवा लांडग्यानेच मेंढी नेली, की फेरा पूर्ण.

आमची पहिली कल्पना इथे कोलमडली. फीतकृमीची अंडी जास्त म्हणजे लांडगा जास्त आजारी, असं आम्ही धरून चाललो होतो. इथे तर लांडग्याला त्या जंताचा फारसा त्रासच नाही. त्रास मेंढीला. उलट लांडग्याला पळता न येणारं सावज आयतं मिळतं. जंताने खाणाऱ्याचं आणि खाल्ल्या जाणाऱ्याचं वजन कुठल्या पारड्यात टाकलंय, ते विष्ठेच्या काचेवर दिसत नाही. शिवाय मल्टिसेप्सची आणि इकायनोकॉकसची अंडी सूक्ष्मदर्शकाखाली सारखीच दिसतात. ज्या काचांवर 'फीतकृमी' लिहिलंय त्यांना डीएनएशिवाय पुढे नाव देता येणार नाही.

मेलेल्या मेंढीचं डोकं पुरा, असं आम्ही सुचवलं. मामा हसले. "पुरलं तर रातीच उकरत्यात." मग कुत्र्याला द्यायचंच तर आधी चांगलं उकळून द्या, यावर तडजोड झाली. उकळायला सरपण लागतं आणि माळावर सरपण नाही, ही त्यांची बाजू.

28 जानेवारी

एका ग्रॅममध्ये किती अंडी हे मोजायला मॅकमास्टर काच घेतली होती. 4 ग्रॅम विष्ठा, 56 मिलिलिटर द्रावण, दोन्ही कप्प्यांतली अंडी मोजून 50 ने गुणायचं. शेळी-मेंढीच्या जंतांसाठी ही पद्धत ठीक आहे. वन्य मांसाहाऱ्यासाठी आम्ही ती आज सोडली.

केस आणि हाडांनी भरलेल्या 4 ग्रॅममध्ये खरी विष्ठा किती, ते दर वेळी वेगळं. मांसच मांस खाल्लेल्या दिवशीची विष्ठा काळी आणि पातळ, दुसऱ्या दिवशीची केसाळ. त्यावर जंतांचं अंडी घालणं रोज सारखं नसतं. आणि एकाच लांडग्याच्या तीन विष्ठा उचलल्या की तीन वेगळे लांडगे, हे कळायला मार्ग नाही. आता फक्त 'आहे' किंवा 'नाही' लिहितो. एवढं मोजलेलं वाया गेलं याचं मुलांना वाईट वाटलं.

अंकुशकृमीचं मात्र वेगळं. तो आतड्याला दातांनी धरून रक्त पितो. मोठं जनावर ते सोसतं, पिल्लाला ते जड जातं, आणि पिल्लाला तो आईच्या दुधातूनच मिळतो. म्हणजे ज्या वयात तो मारतो त्या वयाच्या जनावराची विष्ठा आमच्या हाती येतच नाही, कारण पिल्लं गुहेपाशी असतात आणि गुहेजवळ जायचं नाही हा आमचा नियम आहे. माणसाचा वास लागला की मादी पिल्लं हलवते.

11 फेब्रुवारी

विष्ठेचं काम चालू ठेवून आता निम्मा वेळ कॅमेऱ्यांना. खरूज विष्ठेत शोधायची नसते, ती अंगावर दिसते. सार्कोप्टिस हा किडा कातडीत बोगदा करून अंडी घालतो. जनावर खाजवतं, केस जातात, कातडी जाड होऊन तिला भेगा पडतात, त्यात पू होतो. अंगातली ऊब टिकत नाही, खाणं मिळवायला ताकद राहत नाही.

ही गोष्ट किती मोठी होऊ शकते ते बाहेरच्या नोंदींवरून कळतं. 1909 मध्ये अमेरिकेच्या मोंटानात लांडगे आणि कोयोटी (तिकडचे कोल्ह्यासारखे प्राणी) संपवण्यासाठी सरकारी पशुवैद्यांनी मुद्दाम खरूज पसरवली. यलोस्टोन उद्यानात 1995 मध्ये लांडगे परत आणले, आणि 2007 मध्ये तिथल्या कळपांत तीच खरूज दिसली. स्वीडनमध्ये 1970 नंतर तांबड्या खोकडांना खरूज लागली आणि खोकडं इतकी घटली की ससे वाढले. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात 1994 च्या साथीत तीच खोकडं जवळपास संपली.

आपल्याकडे तिकडच्यासारखी थंडी नाही, म्हणून इथे खरूज मारत नाही, असं मला वाटत होतं. पण जानेवारीतल्या पहाटे माळावर बोटं आखडतात. कॅमेऱ्यातला केस गेलेला कोल्हा सकाळी दहाच्या उन्हात उकिरड्यावर बसलेला दिसतो. बाकीचे त्या वेळी बिळात असतात. दिवसा बाहेर म्हणजे कुत्र्यांच्या आणि ट्रकच्या तोंडी.

3 मार्च

कॅमेऱ्यांतल्या अडचणी. रात्रीच्या इन्फ्रारेड उजेडात जवळ आलेलं जनावर पांढरंफट्ट दिसतं, केस आहेत की नाहीत कळत नाही. दिव्यावर सर्जिकल टेपचे दोन थर लावले, थोडं सुधारलं. पाणवठ्यावरचा कॅमेरा तर काढलाच, कारण भिजलेला कोल्हा खरूज लागल्यासारखाच दिसतो. आता फक्त दिवसाचे, बाजूने काढलेले फोटो धरतो.

आणि होळी जवळ आली की नवा घोळ : केस बदलण्याचा हंगाम. लांडग्याच्या अंगावरून जुन्या केसांच्या झिपऱ्या लोंबतात, मध्ये मध्ये टक्कल वाटतं. आमच्या एका विद्यार्थिनीने फोटो वेगळे करायची पद्धत बसवली. झिपरीखाली नवे आखूड केस दिसले तर ते केस बदलणं. राखाडी, सुरकुतलेली, खपल्या धरलेली कातडी दिसली तर खरूज. बघायचं ते कोपर, कानाची कडा, मागच्या पायाचा सांधा आणि शेपूट. शेपूट उंदराच्या शेपटीसारखी झाली असेल तर शंका नको. दोघांनी वेगवेगळं बघायचं, एकमत नसेल तर फोटो बाद.

गावातून विचारणा झाली, मांसात औषध घालून ठेवायचं का? नाही. ते मांस कोण खाईल, किती खाईल, कुणाच्या पोटात दुप्पट जाईल, यावर आपला ताबा नाही. रोज एकाच ठिकाणी मांस ठेवलं की सगळे तिथेच येतात आणि खरूज आणखी पसरते. पोल्ट्रीचा उकिरडा आत्ता नेमकं हेच करतोय.

24 मार्च

सोलापूर रस्त्यावर गाडीखाली आलेला कोल्हा. वनविभागाच्या पशुवैद्यांनी शवविच्छेदन केलं, आम्हाला उभं राहू दिलं. लहान आतडं कात्रीने लांबीत उघडून पाण्यात धरलं तेव्हा आतल्या अस्तराला दोऱ्याच्या बारीक तुकड्यांसारखे अंकुशकृमी चिकटलेले दिसले, आणि ते जिथून सुटले होते तिथे रक्ताचे ठिपके. इतके महिने त्यांची नुसती अंडी बघत होतो.

कानाच्या टोकाचं रक्त काचेवर ओढलं, तांबड्या पेशींत राहणारा बबेसिया हा परजीवी बघायला. फुकट गेलं. उन्हात पडून तांबड्या पेशी फुटल्या होत्या. रक्ताची काच मेल्यावर लगेच घ्यायला हवी.

बबेसिया शोधायचं कारण गीर. सप्टेंबर-ऑक्टोबर 2018 मध्ये दलखाणिया परिक्षेत्रात 23 सिंह मेले. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या तपासणीत कुत्र्यांच्या डिस्टेंपर या जीवघेण्या रोगाचा विषाणू निघाला, आणि सोबत गोचिडांतून येणारा बबेसियाही होता. आफ्रिकेतल्या सेरेंगेटीत 1994 मध्ये सुमारे एक तृतीयांश सिंह गेले, तेव्हाही हीच जोडी. दुष्काळात खंगलेल्या रानम्हशींच्या अंगावर गोचीड माजले, सिंहांनी त्या म्हशी खाल्ल्या आणि बबेसियाचा भार वाढला. वर डिस्टेंपरने प्रतिकारशक्ती बसवली. एकेकटे दोन्ही सोसले असते. आमच्या माळावर दुष्काळ नवा नाही, गोचीड आहेत, आणि लस न टोचलेली कुत्री तर प्रत्येक वस्तीवर आहेत.

21 एप्रिल

काम कुत्र्यांकडे वळवतोय. लांडग्याला औषध देता येत नाही, त्याच्याबरोबर एकाच उकिरड्यावर खाणाऱ्या कुत्र्याला देता येतं. फीतकृमीसाठी प्राझिक्वांटेल, किलोला 5 मिलिग्रॅम. अंकुशकृमीवर ते चालत नाही, त्याचं औषध वेगळं. प्राझिक्वांटेल जंत मारतं, अंडी मारत नाही, म्हणून डोसानंतरचे दोन-तीन दिवस कुत्रं बांधून ठेवायचं आणि घाण खोल पुरायची किंवा जाळायची. पशुवैद्य बरोबर असल्याशिवाय हे करू नका. डिस्टेंपरची लस त्याच दिवशी.

पहिल्या शिबिरात वजनकाट्यावर कुत्रं उभंच राहीना. मालकाने उचलून काट्यावर उभं राहायचं आणि त्याचं वजन वजा करायचं, हे जमलं. गोळी भाकरीत दिली तर भाकरी खाऊन गोळी थुंकली. सुकटीच्या चुऱ्यात मळून दिली, गेली.

12 मे

खर्चात सगळ्यात वर कॅमेरे, मग गाडीभाडं, मग कुत्र्यांच्या लसी. साखर, मीठ, काचा यांचा खर्च त्यापुढे काहीच नाही. एक कॅमेरा चोरीला गेला, कार्डासकट.

पोल्ट्रीवाल्यांपैकी एकाने मेलेल्या कोंबड्यांसाठी खड्डा घेतला आहे, वर पत्रा आणि दगड. त्याच्या ओढ्यावरचा कॅमेरा तसाच ठेवलाय. बाकीचे म्हणतात जेसीबीचं भाडं कोण देणार.

दिवाळीनंतर कोकणात उतरलेले कळप पावसाच्या आधी वर येतात. त्यांच्याबरोबरच्या कुत्र्यांना अजून ना लस ना औषध. जूनच्या पहिल्या आठवड्यात मामांच्या वाड्यावर शिबिर धरलंय, काटा आणि सुकट घेऊन.